अट्रॅक्टाच्या नावानं दिलेली खबर

आमच्या गॅरीडफ गावात कुणी शंका काढली की समोरचा म्हणायचा, "अट्रॅक्टानं सांगितलंय." मग शंका तिथंच मिटायची. हे वजन तिनं बावीस वर्षांत कमावलं होतं, आणि मी ते एका दुपारी एका फोनवर उधळलं.

अट्रॅक्टा गिब्लिन पोस्टाच्या खिडकीमागे बसायची. उरलेला सगळा जीव तिनं आमच्या नाटक मंडळीत ओतला. मंडळी म्हणजे आठ माणसं, चर्चचा गळका पॅरिश हॉल आणि एक हट्ट : वर्षाला एक तरी कोरं नाटक करायचं, आधी कुणी न केलेलं. नावाजलेलं जुनं नाटक लावलं तर आमच्याकडे खुर्च्या कमी पडतात. नव्या नाटकाला मात्र लोक नव्या डॉक्टरसारखं वागवतात. आधी शेजाऱ्यानं जाऊन यावं, तो जिवंत परतला तर बघू.

अट्रॅक्टा कधी रंगमंचावर चढली नाही. हिवाळ्यात दर मंगळवारी लेखक टेबलाशी बसून आपलं नाटक वाचायचा आणि ती शेगडीशेजारी विणत बसायची. सुया थांबल्या तर प्रसंग जिवंत. सुया चालू राहिल्या तर लेखकानं समजून घ्यायचं.

मी फेस्टस होबन. तीस वर्षं दूध डेअरीची लॉरी चालवली. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पुढचं सगळं मी स्वतःच वाचून शिकलो आणि त्याचा मला गर्व होता, आजही थोडा आहे. माझ्या पहिल्या नाटकात बार्टली रुआन नावाचा म्हातारा मरतो, शेजारीपाजारी त्याला मधे ठेवून रात्र जागवतात, आणि तो उठून बसतो. आपल्याबद्दल लोक काय काय बोलले ते त्यानं सगळं ऐकलेलं असतं.

पहिल्या वाचनानंतर ती म्हणाली, "फेस्टस, दुसऱ्या अंकात माझी अख्खी बाही विणून झाली."

मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. मग दुसरा अंक फाडून पुन्हा लिहिला. मार्चमध्ये, बार्टली आपले चांगले बूट कुणी पळवले ते विचारतो त्या जागी, तिच्या सुया थांबल्या. अख्खा अंक संपेपर्यंत थांबूनच राहिल्या. एवढा मोठा मान मला पुन्हा मिळाला नाही.

मग ती पोस्टरं घेऊन निघाली. ती पोस्टर नुसतं चिकटवून येत नसे. दुकानात शिरायची, हवेबद्दल बोलायची आणि प्रत्येकाला नाटकातलं त्याच्यापुरतं काहीतरी सांगायची. जिंटी खाटकाला बुटांची चोरी, औषधवालीला बार्टलीचं जुनं प्रेम. आणि कधीच फुगवून नाही. "हसाल, पण पहिली दहा मिनिटं जरा सोसा," असं सांगणारी जाहिरात तुम्ही ऐकली आहे का?

प्रयोगाला आठवडा उरला तरी अकराच खुर्च्यांची तिकिटं गेली होती. त्यातल्या चार माझ्या बहिणीच्या घरच्या.

मी पोस्टात गेलो. "अट्रॅक्टा, रेडिओवर बार्टलीच्या निधनाची सूचना दे. आपल्याकडे बातम्या कुणी ऐकत नाही, पण त्यानंतर वाचतात ती मेलेल्यांची नावं ऐकायला सगळं गाव चमचा खाली ठेवतं."

तिनं तिकिटांवर शिक्का मारायचं थांबवलं नाही. "नाही."

"अगं, गंमत आहे."

"मेलेल्यांच्या यादीत गंमत घालायची नाही, फेस्टस. लोक ती विश्वासानं ऐकतात."

"मग अकरा जणांसमोर करतो नाटक."

"अकरा जणांसमोर कर. ते अकरा खरे असतील."

त्या वाक्याचा मला राग आला. घरी येऊन मी रेडिओला फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली की अशा सूचना अंत्यविधीवाल्याकडूनच घेतो. मी म्हणालो, "अट्रॅक्टा गिब्लिननं सांगितलंय."

"मग काही प्रश्नच नाही," ती म्हणाली.

सूचना मी झकास लिहिली होती. 'बार्टली रुआन, नॉकरो, अचानक निधन. अंत्यदर्शन शुक्रवारी संध्याकाळी सातपासून, पॅरिश हॉल, गॅरीडफ. साडेसातला मयत स्वतः उठून चार शब्द बोलतील.' शेवटच्या ओळीवर मी जाम खूश होतो. ती ओळ रेडिओवर वाचलीही गेली, पण एकाही माणसानं ऐकली नाही. नाव आणि गाव कानावर पडलं की आमच्या घराघरांतून एकच गलका उठतो : कुठला रुआन? पुलापलीकडचे की टेकडीवरचे? त्याची आई कुणाकडची? या गलक्यात माझी ओळ बुडाली. आमच्यात जन्म काढलेल्या माणसाला हे कळायला नको होतं का?

शुक्रवारी पावणेसातलाच हॉलबाहेर काळे कोट जमले. बायकांनी हॅमचे सँडविच आणि मनुक्यांचे पाव आणले होते, पुरुषांच्या खिशात प्रार्थनेची कार्डं होती. दारात तिकिटं घेऊन अट्रॅक्टा उभी. पहिल्या माणसानं तिचा हात हातात घेतला, "तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटलं," म्हणाला आणि शवपेटी शोधत आत गेला.

मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. तिचा चेहरा उतरला, आणि क्षणभर तिनं सरळ पडद्याकडे पाहिलं.

तेवढ्यात एक म्हातारा आला. लग्नातला असावा असा सूट, हातात टोपी. "बाई, मी पीटर लॅव्हेल. अकिल बेटावरून दोन बस बदलून आलो. बार्टली अन् मी इंग्लंडात अकरा वर्षं बोगदे खणले. मग तो कुठं गेला कळलंच नाही. पेटी झाकण्याआधी एकदा तोंड बघू द्याल का?"

मी पडदा बाजूला करून बाहेर यायला हवं होतं. चार पावलं होती.

अट्रॅक्टा म्हणाली, "पीटर, इथं कुणी मेलेलं नाही. हे नाटक आहे. नाव बनवलेलं आहे. सूचना माझ्या नावानं गेली. माफी मागते."

"थू!" कुणी बाई म्हणाली. "अट्रॅक्टा, तूसुद्धा?"

म्हाताऱ्यानं टोपी हातात फिरवली. "म्हणजे तो मेलेला नाही?"

"तुमच्या बार्टलीचं मला ठाऊक नाही. आमचा मेलेला नाही."

"मग मी सकाळी होतो तिथंच आलो की," तो म्हणाला. तिनं त्याचा हात धरून त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

निम्मे लोक निघून गेले, निम्मे सँडविच मांडीवर घेऊन बसले. नाटक झालं. बुटांच्या जागी हसले. पीटर लॅव्हेल एकदाही हसला नाही; बार्टलीचं काम करणाऱ्या नटाच्या तोंडाकडे तो शेवटपर्यंत काहीतरी शोधत होता. शेवटी लेखकाला पुढे बोलावलं. मी गेलो. वाकून नमस्कारही केला.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. मी तिथं असलो की लोक पोस्टात येत, पत्रं टाकत आणि हवेबद्दल न बोलता बाहेर जात. अखेर एका सोमवारी मी तिच्या खिडकीशी उभा राहिलो. "फोन मी केला होता."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्या संध्याकाळी दारातच. नंतर रेडिओवरच्या पोरीनंही सांगितलं, तिनं आवाज ओळखला होता. तिच्या घरी दूध तूच न्यायचास ना?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"लेखकाला दारातून हाकललं असतं तर नाटक मेलं असतं. दुसऱ्या अंकावर मी चार महिने बसले होते, फेस्टस." तिनं काउंटरखालून पोस्टरांची गुंडाळी काढली, याच नाटकाच्या पुढच्या महिन्यातल्या प्रयोगाची. "घे. चौदा दुकानं आहेत. प्रत्येक दारात नाटकाबद्दल एक खरी गोष्ट सांगायची."

मी निघालो. प्रत्येक दारात आधी फोनबद्दल सांगितलं, मग नाटकाबद्दल. औषधवालीनं ऐकून घेतलं आणि काचेवर जागा दाखवली. चौदावं दुकान जिंटी खाटकाचं. मी सांगायला लागलो तसा त्यानं सुरा खाली ठेवला.

"आम्हाला त्याच रात्री कळलं होतं, फेस्टस."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"तू किती दिवस घेतोस ते बघत होतो." त्यानं पोस्टर हातात घेऊन वाचलं, माझं नाव होतं तिथं बोट ठेवलं. "आता सांग, नाटक कसं आहे?"

मला खूप काही बोलता आलं असतं.

"हसाल," मी म्हणालो, "पण पहिली दहा मिनिटं जरा सोसा."