पंपवाल्या अंकलचं बालपण शोधायला पुलाउ उबीनला

पुलाउ उबीन या छोट्या बेटावर लोक सायकल चालवायला जातात. आम्ही गेलो ते आमच्या स्टोअररूममध्ये पडलेल्या एका खोक्यामुळे.

खोकं रेवाचं, म्हणजे आमच्या दहा वर्षांच्या लेकीचं. सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये आम्ही खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतो आणि पावसाने ते दर आठवड्याला भिजतात. म्हणून तिने पाऊस आला की घरात घंटा वाजवणारं यंत्र केलं होतं. शाळेच्या सायन्स डेला ते न्यायचं होतं. माझा नवरा निखिल सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो. लेकीच्या यंत्रातल्याही त्याने ऑफिसच्या शिस्तीत काढल्या: गंभीर, मध्यम, किरकोळ. ओल्या कपड्यांचं पाणी ठिबकलं तरी घंटा वाजते, ही गंभीर.

रेवा रडली नाही. यंत्र खोक्यात भरलं, खोकं स्टोअरमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "I'm not going for Science Day." घाबरलेला निखिल तेव्हापासून तिच्या प्रत्येक गोष्टीला "व्वा, छान!" म्हणत होता. ती मानही वर करत नव्हती. सायन्स डे गुरुवारी होता आणि माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता.

रेवाचा हिरो म्हणजे विजेशिवाय चालणारा विहिरीचा पंप शोधून काढणारे इथले एक प्रसिद्ध संशोधक. त्यांचं बालपण उबीनवर गेलं आणि त्यांची थोरली बहीण अजून तिथेच राहते. ती माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीची मावशी निघाली! भेटायला या, पण भावाचं नाव कुठे लिहायचं नाही, एवढीच या आंटींची अट. म्हणून इथेही ते फक्त पंपवाले अंकल.

शनिवारी सकाळी निघालो. तानाह मेरा स्टेशनपर्यंत एमआरटी म्हणजे मेट्रो, तिथून दोन नंबरची बस थेट चांगी व्हिलेजला. तिथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, कोपी (इथली कॉफी) आणि नारळाच्या जॅमचा काया टोस्ट घ्या, बेटावर फारसे पर्याय नाहीत. जेट्टीवरून बमबोट, म्हणजे छोटी लाकडी मोटरबोट मिळते. वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की सुटते. भाडं रोख द्यावं लागतं, सुटे जवळ ठेवा. माझ्या हातातली तिखटमिठाच्या पुऱ्यांची पिशवी बघून शेजारचे एक काका म्हणाले, "मंकी व्हेरी क्लेव्हर, ला. बॅगमध्ये टाका." मी ऐकलं आणि पुऱ्या वाचल्या.

जेट्टीपाशीच सायकली भाड्याने मिळतात. घेताना ब्रेक तपासा. ते काम निखिलने इतक्या तन्मयतेने केलं की दुकानदार वैतागला. पुढचा रस्ता छान सावलीचा आहे.

आंटींचं घर लाकडी, पत्र्याच्या छपराचं, मागे विहीर. पुऱ्या त्यांनी लगेच खायलाच घेतल्या. त्यांचं बोलणं मराठीत लिहितेय, वाक्याला जोडायचा इथला 'ला' मात्र त्यांचाच.

"अंकल लहानपणी खूप हुशार होते का?" रेवाने विचारलं.

आंटी खो खो हसल्या. "हुशार? हट्टी, ला! रडका पण. खेळात हरला की जेवायचा नाही."

रेवाचा चेहरा पडला. आंटींनी आम्हाला विहिरीपाशी नेलं.

"पाणी आई ओढायची. तिचा खांदा दुखायचा, म्हणून त्याने पहिला पंप केला. गळका, जड. शेजारी म्हणाले, वा, काय पोरगं आहे! आई म्हणाली, यापेक्षा माझी बादली बरी."

"मग?"

"मग काय, रुसला. विहिरीमागे जाऊन बसला. पण दुसऱ्या दिवशी आईलाच विचारायला आला, अजून काय वाईट आहे? शेजाऱ्यांकडे गेलाच नाही. पुढे जन्मभर तेच. नवीन काही केलं की सगळ्यात जास्त कुरकुर करणारा माणूस शोधून काढतो आणि आधी त्याच्याकडे जातो."

रेवाने हळूच बाबाकडे बघितलं. निखिल विहिरीत डोकावत होता. मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

परतीच्या बोटीसाठी बराच वेळ ताटकळलो. बारावा माणूस काही येईना.  

घरी आल्यावर मी पाय पसरून सोफ्यावर पडले. उबीनहून आणायला काहीच नसतं: थोडा चिखल, दुखरे पाय, डासांचे चावे. एवढ्यासाठी कशाला जायचं, असा विचार करत असतानाच स्टोअरचं जड दार करकरलं. रेवा खोकं घेऊन आली आणि यंत्र तिने निखिलच्या पुढ्यात ठेवलं.

"बाबा, हे कसं आहे?"

"व्वा, छान!"

"छान नको, ला! काय वाईट आहे ते सांग. सगळं."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. त्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

"हे तू कपड्यांच्या खाली लावलंयस. कपडेच ठिबकतात त्यावर."

"मग वर लावते, बांबूच्या टोकाला."

"वरच्या मजल्यावरच्यांचेही कपडे ठिबकतात."

रेवाने कपाळाला हात लावला. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि बाबाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"ओके," ती म्हणाली, "अजून काय?"