आजोबांचा फोन मेला

बनी पार्कातल्या मधुमतीबाई म्हणजे जुने मोबाइल दडवून ठेवणाऱ्यांच्या मागे लागलेली साडेसाती. जयपुरातल्या कुठल्याही मराठी घरात त्या गेल्या, की चहाआधी कपाटाचे खण उघडायला लावत. "बंद पडलेला फोन घरात कशाला? आत विष असतं, आणि कामाचं तांबंही. जमा करा, त्याचं पुन्हा काहीतरी होईल." बँकेतले साहेब काय, फौजेतले सुभेदार काय, सगळे निमूट फोन काढून देत.

स्वतःचा खण मात्र बाईंनी कधी उघडून दाखवला नाही. त्यात उमाकांतरावांचा, त्यांच्या गेलेल्या यजमानांचा फोन होता. यजमानांनी त्यात स्वतःच्या आवाजाचा गजर लावून ठेवला होता, "मधू, गोळी घेतलीस का?" रोज संध्याकाळी तो वाजे आणि बाई "घेतली हो" म्हणत. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं, तरी त्यांनी चार्जिंग सोडलं नाही.

एका सकाळी फोन सुरूच होईना. "आजोबांचा फोन मेला गं," असं नातीला, तनयाला कसंबसं सांगून बाई देवापुढे जाऊन बसल्या.

तनया जयपुरात वाढलेली, तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालायचं. त्याच दिवशी मराठी मंडळाच्या सभागृहात जुने फोन गोळा करायचे होते आणि दारावर हिंदी फलक होता, 'फोन मेला', म्हणजे फोनची जत्रा. पोरीने आजोबांचा फोन नेऊन तिथल्या कुलूपबंद पेटीत टाकला.

संध्याकाळी बाईंना हे कळलं आणि त्या धावतच सभागृहात आल्या.

"आजी, तूच बोलली ना... मतलब, फोन मेला," तनया रडवेली झाली.

पेटी न्यायला आलेल्या रणजीतजींनी किल्ली काढली. "आंटीजी, खोल दूँ?"

तेवढ्यात पेटीतून आवाज आला, "मधू, गोळी घेतलीस का?"

बाईंनी दोघांकडे पाहिलं. कोणी मानही वळवली नव्हती. बाईंना भीती वाटलीच, पण त्याहून जास्त कळवळा आला. गेलेल्या माणसाला त्यांनी रोज संध्याकाळी कामाला जुंपलं होतं.

"रहने दो, भैया," त्या म्हणाल्या. मग पेटीवर हात ठेवून हळूच पुटपुटल्या, "घेतली हो. उद्यापासून नका विचारू."