दिंद्रुडला मँडोलिन आवरायला शिकले

विसाव्या वर्षी मी भर कार्यक्रमात एका गायिकेचं गाणं बुडवलं. ती बिचारी घसा ताणत होती आणि मी मँडोलिनच्या आठही तारा झणझणावत होते. वर घरी येऊन आईला सांगितलं, आज माझाच हात ऐकू येत होता. देव अक्कल वाटत होता तेव्हा मी बहुधा केस विंचरत असेन.

पन्नास वर्षांनी तेच वाद्य घेऊन दिंद्रुडला निघाले. माझ्या मुलीची तिथली मैत्रीण शोभा, पेशाने नर्स, वडवणीच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच भीमगीतं गाणार होती. त्यांचा बेंजोवाला ऐनवेळी आजारी पडला, म्हणून मला बोलावणं. एसटीने असे हादरे दिले की उतरून बघते तर तारांखालची घोडी (लाकडी पट्टी) भलतीकडेच सरकलेली. माझी कंबरही.

शोभाच्या आईने भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी वाढली. मी दोनदा मागून घेतली. मग सराव. सवयीने चारही बोटं रोवून भरगच्च कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, लावल्या. पहिल्याच कडव्याला शोभा थांबली.

"मावशी, लई गोड वाजवता. पण मला त्यात उभं ऱ्हायला जागा न्हाई."

ढोलकीवरचा तिचा भाऊ मिलिंद म्हणाला, "शोभे, लोक शब्द ऐकायला येतेत. उद्या तुजं ऐकू आलं न्हाई, तर दुसऱ्या गाण्यापासून माईक मी घेणार."

शोभाने गाण्यांची वही पुढे ओढली आणि पहिलं कडवं पुन्हा धरलं.

मी मिलिंदचे हात बघत बसले. ओळ सुरू झाली की तो डाव्या तळव्याने ढोलकीचा घुमारा दाबायचा, ओळ संपली की मोकळा सोडायचा. मग मीही तसंच केलं. कॉर्ड छेडायची आणि लगेच बोटं सैल सोडायची. तार फक्त टक् करते. साथीच्या हार्मोनियमवर कोमल गंधार, आणि माझ्या कॉर्डमधला शुद्ध गंधार त्याच्याशी भांडत होता. त्याला हाकललं. उरले सा आणि प. सत्तरीत नवं काही सापडलं म्हणून मी अंगणात एकटीच हसत होते. कोंबड्या बघत होत्या.

वडवणीत मैदान गच्च भरलेलं. शोभा गायली, मी ओळींच्या फटीत तेवढी वाजवत राहिले. दुसरं गाणं आलं, तिसरं आलं. मिलिंदचे हात ढोलकीवरच होते.

परतीच्या एसटीत, कार्यक्रम ऐकून निघालेली एक म्हातारी शेजारी बसली. आता कौतुक होणार म्हणून मी पदर सावरला. ती म्हणाली, "शोभीचा शब्द न् शब्द कळला. पण बाई, तुमी ते इवलं वाद्य मांडीवर घेऊन काहून नुसत्याच बसल्या व्हत्या?"