कुत्र्याचा चातुर्मास

आमच्या अकोल्याच्या घरी कुत्रा आला तेव्हा मला विधवा होऊन अकरा वर्षं झाली होती. सासर अमरावतीचं. नवव्या वर्षी वाजतगाजत गेले आणि चौदाव्या वर्षी बडनेऱ्याला गाडी बदलून, डोक्यावरून लाल आलवण घेऊन बाबांच्या मागोमाग परत आले. तेव्हापासून दिवसातून एकदाच जेवण. दुपारी सगळ्यांची पानं उठली की माझं पान. संध्याकाळी फार तर मूठभर लाह्या. सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला भगर किंवा उकडलेली रताळी. मी तक्रार कधी केली नाही, कारण ती कोणाकडे करायची तेच ठाऊक नव्हतं.

आई आधीच गेलेली. भाऊ नागपूरला नोकरीला, वहिनी आमच्यापाशी. बाबा वकील. दर्यापूरकडच्या एका शेतकरी अशिलाचा खटला त्यांनी जिंकला म्हणून तो अशील आनंदानं हा कुत्रा घेऊन आला. दोन वर्षांचा, तांबूस, एक कान फाटलेला. बाबा सोवळ्याओवळ्याचे कडक, पण कुत्र्यावर त्यांचा जीव जडला. कचेरीतून आले, टांग्यातून उतरले की आधी त्याच्या डोक्यावर हात आणि मग विहिरीवर आंघोळ. थंडीतसुद्धा. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

कुत्र्याला खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. घरातली जी कामं कोणाची नसत ती माझी असत. काय घालायचं हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेतावर तो भाकरीचे तुकडे, उष्टं आणि देव जाणे आणखी काय काय खात असेल. आमच्याकडे तो माझ्या पानातलं निम्मं खायला लागला. मी जेवले की तो जेवायचा. मला भगर तर त्यालाही भगर.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी चातुर्मासात मी धरणं-पारणं धरलं. एक दिवस कडकडीत उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, असं चार महिने. आणि कुत्र्यालाही तेच दिलं. धरण्याच्या दिवशी त्याच्यापुढे नुसतं पाणी, पारण्याला तूप घातलेला वरण-भात, पोटाला तडस लागेपर्यंत.

आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू? त्याला घालायला घरात काही नव्हतं असं नाही. दुरडीत भाकरी असायची. मला उपासाला कोणीतरी बरोबर हवं होतं. सगळं घर जेवत असताना मागच्या पडवीत मी जपमाळ घेऊन बसायची आणि तो माझ्या पायाशी, तोही उपाशी. त्या घरात माझ्यासारखं आणखी कोणी आहे असं मला तेवढ्यापुरतं वाटायचं. हे पाप होतं हे मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

आळीत कौतुक झालं. कोणी म्हणे, मागल्या जन्मीचा साधू असणार. कोणी म्हणे, कुत्र्याला खीर पचत नाही म्हणतात, वकिलांच्या कुत्र्याला भगर पचते. बाबाही हसायचे. कुत्रा एकादशी करतो एवढं त्यांच्या कानावर होतं. बाकीचं त्यांनी विचारलं नाही, साक्षीदारांची उलटतपासणी घेणाऱ्या माणसानं.

भाद्रपदात त्याचं पोट बिघडलं. आधी पारण्याच्या दिवशी पातळ व्हायचं, मग रोजच. पहाटे पिवळा फेस ओकायचा, अंगणातली हरळी खाऊन पुन्हा ओकायचा. मी ओव्याचं पाणी दिलं, सुंठ दिली. आळीतल्या बायांनी सांगितलं म्हणून जायफळ उगाळून चाटवलं. बरगड्या मोजता येऊ लागल्या. एके दिवशी बाबांचा टांगा आला आणि तो उठला नाही. नुसती शेपटी जमिनीवर हलली. बाबा तसेच, पगडीसुद्धा न काढता, त्याच्याजवळ उकिडवे बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. मी परक्या पुरुषासमोर जात नसे. दाराआड उभी राहिले, आणि माझं बोलणं वहिनी बाहेर पोचवत होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, खाणं विचारलं. मी सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टरांना आधी वाटलं आपली थट्टा चालली आहे.

मग ते म्हणाले, "कुत्र्याले उपास करायले कोणं सांगतलं? एक दिवस पोट रिकामं अन् दुसऱ्या दिवशी तुपाचा भात कोंबून राहिले तुमी. असंच चाललं तर आठ दिवसांत मरते तो."

त्यांनी खाणं बदलायला सांगितलं. पण एकदम नाही. आज नुसती तांदळाची मिठाची पेज, थोडी थोडी, चारदा. पोट धरलं की ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, ताकात पातळ करून. कण्या रोज मूठभर वाढवायच्या. वरण, तूप, शेंगदाणे बंद. जेवण रोज दोन वेळा, ठरलेल्या वेळी. आणि आठ दिवसांनी ताकद यायला हाडांचं पाणी.

हाडांचं पाणी म्हटल्यावर वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मात्र पोथी काढली नाही, कोणाला विचारलं नाही. अंगणाच्या टोकाला निंबाखाली तीन दगड मांडा, वेगळं मडकं आणा, सकाळी गडी शिजवेल, एवढं तिथल्या तिथे सांगून टाकलं. चौदाव्या वर्षी माझ्या केसांचं काय करायचं हे ठरवायला शास्त्रीबुवा तीन दिवस आमच्या ओसरीवर पोथ्या पसरून बसले होते.

डॉक्टर गेल्यावर बाबा दाराशी आले. मला रागावल्याचं त्यांचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

"तुले समजत नाही काय? मुक्या जिवाले असं उपाशी ठेवतात काय?"

मी मान खाली घातली. चूक माझीच होती. त्याला मी मारायलाच निघाले होते, आणि तो मेला असता तर मी स्वतःला क्षमा केली नसती. पण त्या वाक्यानं माझ्या छातीत जे पेटलं ते चुकीच्या जाणिवेनं विझलं नाही. मी मुकी नव्हते. एवढाच काय तो माझा गुन्हा होता.

पुढचे पंधरा दिवस मी त्या कुत्र्यासाठी जगले. कण्या भरडायच्या, पाखडायच्या, शिजवायच्या, बोटानं गरम-गार पाहायच्या. चौथ्या दिवशी ओकणं थांबलं. आठव्या दिवशी त्याची विष्ठा घट्ट आली. हसू नका, मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. हाडांचं पाणीही पचलं. आळीत कुजबुज झाली. एक वृद्ध गृहस्थ बाबांना बोलायला आले, तर बाबांनी त्यांना, शास्त्र माणसांसाठी असतं, असं सांगून परत पाठवलं.

माझं धरणं-पारणं चालूच होतं. घेतलेलं व्रत मध्येच कसं सोडणार? फक्त आता धरण्याच्या दिवशी मी पडवीत बसले की तो तिथे नसे. तो अंगणात खात असे, आणि खाऊन झालं की उन्हात झोपत असे. मला त्याचा आनंद होता. आणि रडूही येई.

बाबा रोज संध्याकाळी विचारत, त्यानं दोन्ही वेळ खाल्लं काय. मी रोज सांगे, सकाळचं खाल्लं, संध्याकाळच्या कण्या चुलीवर आहेत. आश्विनातल्या एका दशमीला त्यांनी तसंच विचारलं. तो माझा धरण्याचा दिवस होता. वहिनी आत होती. कशी कोण जाणे, मी बोलून गेले.

"बाबा, मले भूक लागते."

अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं असावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी कोनाड्यातलं पंचांग काढलं, पानं पुन्हा पुन्हा उलटून तिथी पाहिली. निंबाखालची चूल मांडायला त्यांना क्षणही लागला नव्हता.

"उद्या तर एकादशी हाय, पारणं होत नाही," ते शेवटी म्हणाले. "परवा पारण्याले आमच्यासाठी थांबू नको. लवकर जेवून घे."

मी बरं म्हटलं, आणि कुत्र्याच्या कण्या उतरवायला चुलीकडे गेले.