शेवटून दुसरी बॅच

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — कारण काल इथे सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात आम्ही इतके नाचलो, की शेजारच्या गोऱ्या आजींनी कुंपणावरून डोकावून विचारलं, सगळे ठीक आहात ना? ठीक? अहो, आमचा ग्लेन जिंकला होता!

पण आधी आमचं वेड सांगायला हवं. मी काही वर्षं प्रोजेक्टवर अमेरिकेत होतो, तिथून त्यांच्या कॉलेज फुटबॉलचा — तो हातात चेंडू घेऊन धावायचा फुटबॉल — नाद घेऊन सिडनीला आलो. अमेरिकेत दरवर्षी प्रत्येक कॉलेज शाळेतली पोरं निवडून नवी बॅच भरतं. पोरांनी मैदानावर पाऊल ठेवायच्या आतच वेबसाइटवाले त्यांना स्टार देतात, बॅचेसचे नंबर लावतात. आम्ही मेरिट लिस्टवर वाढलेली माणसं — आम्हाला हे सोडवणार होतं थोडंच? त्यांची शनिवारची मॅच आमच्याकडे रविवारी सकाळी लागते. माझ्या मित्राच्या, ॲगीच्या घरी पोहे होतात, चहा होतो. आणि सीझन संपत आला की चार वर्षांपूर्वीच्या बॅचेसचा आम्ही निकाल लावतो — नंबर कितवा होता आणि पोरांनी दिवे काय लावले. या निकालात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी आधीच सांगितलेलं पुढे खरं ठरायचं, मग का नसेल?

ॲगी मूळचा वसईचा, दोन घरं सोडून राहतो. त्याचा ग्लेन आणि माझा नचिकेत बरोबरच वाढले, एकाच क्लबात ऑसी रूल्स, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळले. त्या खेळात लांब किक मारायची सवय लहानपणीच लागते, म्हणून अमेरिकन कॉलेजं इथली पोरं पंटर म्हणून नेतात. पंटर म्हणजे आपला हल्ला अडला की चेंडू लांब मारून समोरच्यांना मागे रेटणारा. दोघांनी ट्रायल दिली. ग्लेनला एका कॉलेजनं बोलावलं. नचिकेतला — नाही.

ॲगी माझ्याकडे आला. ‘तूच सांग बाबा. पोरगा इथली युनी सोडून जायचं म्हणतोय. पाठवू का? तू म्हणशील तसं.’

त्या कॉलेजची बॅच रँकिंगमध्ये शेवटून दुसरी होती. पण — आता नीट ऐका — त्या बॅचचे व्हिडिओ मी आधीच पाहिले होते. एकेका पोराचे. नावापुढे स्टार नव्हते, पण पुढच्या फळीतली ती धिप्पाड पोरं पाय रोवून उभी राहायची, हलायची नाहीत. कोच नंबर न बघता माणूस बघून निवडत होता. आणि ग्लेनची किक? पंटरला स्टार देताना वेबसाइटवाले नेहमीच कंजूष. मी मनाशी म्हटलं होतं, ही बॅच भल्याभल्यांना पाणी पाजणार.

आणि तोंडानं काय म्हणालो? ‘शेवटून दुसरी आहे रे. पोराची वर्षं फुकट जातील. नको पाठवूस.’

का? आतल्या खोलीत माझा मुलगा दार लावून बसला होता. आणि मला — कसं सांगू — ग्लेननंही तसंच बसावं असं वाटलं. जळत होतो मी. दुसरं काही नाही.

ग्लेन आईच्या जोरावर गेला. ॲगी एअरपोर्टवर गेला नाही. पुढे बाप-लेक फोनवर हवापाण्याचं बोलायचे, तेही आईनं फोन हातात कोंबला तर. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. दर रविवारी. पोहे खात.

आणि काल — काय सांगू! फायनल, अगदी अटीतटीची. ग्लेननं मारलेला चेंडू उडाला, उडतच राहिला, आणि समोरच्यांच्या गोललाइनच्या तोंडाशी जाऊन थांबला. तिथून त्यांना बाहेर पडताच येईना. शेवटून दुसरी बॅच चॅम्पियन झाली! सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो माझा नचिकेत — ‘दॅट्स माय मेट!’ मीही ओरडलो. खोटं नव्हतं ते, ऊर भरून आला होता. पोरगं जिंकलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझी पारखही!

थोड्या वेळानं ग्लेनचा व्हिडिओ कॉल आला. ‘डॅड, डिड यू सी दॅट?’ ॲगीनं फोन दोन्ही हातांत धरला. मग कसाबसा म्हणाला, ‘सॉरी, बाळा. मी तुला अडवत होतो.’ फोन ठेवून त्यानं मला मिठी मारली, रडला, हसला. ‘लेका, तूपण चुकलास! पहिल्यांदाच चुकलास!’ सगळे खो-खो हसले. मी कान पकडले. ‘चुकलो बाबा,’ म्हणालो. इतक्या मोकळेपणानं चूक कबूल करतो म्हणून माझ्या पाठीवर थापा पडल्या. बायकोनं कौतुकानं पाहिलं.

मी चुकलो नव्हतो. ग्लेन कुठवर जाणार, हे मला त्या दिवशीच दिसलं होतं. दिसलं होतं, म्हणूनच नको म्हणालो.