वहिनीचे पक्षी आणि तिकडचा

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत, असं आई सगळ्यांना सांगते. प्रत्यक्षात एकच आहे, बाहेरच्या खोलीत खिडकीशी. दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका भरतकामाच्या कारखान्यात. पण वहिनीच्या तोंडी त्याचा विषय इतका असतो की आईने त्यालाही घरातलाच धरलाय. इथला तो 'आपला' आणि तो 'तिकडचा'. सकाळी चहा देताना ती विचारते, "आज तिकडचा कसा आहे गं?" वहिनी म्हणते, "बोलतोय." नाहीतर म्हणते, "रुसलाय." रुसलाय म्हटलं की आई गुपचूप तिच्या कपावर बशी ठेवते. चहा आता थंडच प्यायला जाणार, हे तिला अनुभवाने कळलेलं आहे.

वहिनी भरतकामाची नक्षी काढते. सुईदोऱ्याने नव्हे, कॉम्प्युटरवर. कुठला टाका कुठे पडायचा, कुठल्या रंगाचा धागा कधी यायचा, हे ती ठरवून देते आणि कारखान्यातलं मशीन त्याबरहुकूम भरत सुटतं. आधी ती रोज कारखान्यात जायची. मग तिथे माणसं जास्त आणि खुर्च्या कमी झाल्या, तेव्हा मालकांनी तिला घरून काम करायला सांगितलं. वहिनी ती बढती समजली, आणि इतकी मनापासून समजली की शेवटी मालकांनाही तसंच वाटायला लागलं.

घरून काम म्हणजे काय, तर नक्षीच्या फाइली सगळ्या तिकडच्याच्या पोटात आणि वहिनी इकडे. यावर इलाज असा, की आपल्या कॉम्प्युटरवर एक रिकामं फोल्डर करून ठेवायचं आणि रोज सकाळी एक ओळ टाइप करून तिकडचं फोल्डर त्यावर आणून बसवायचं. एसएसएच नावाच्या कुलूपबंद वाटेने ते येतं. मग तिकडचं असूनही ते इथलंच वाटतं. उघडा, बदला, ठेवा. वहिनी याला नुसतं 'जोडणं' म्हणते. काम झालं की 'सोडणं'. ही विद्या ती स्वतःच वाचत, चुकत आणि कॉम्प्युटरला 'मेल्या' म्हणत शिकली.

दुपारी तिकडचा झोपतो. मालकांनी त्याला तशीच सवय लावलीय. काही वेळ कोणी हात लावला नाही की डोळे मिटायचे. "मशीन झालं तरी जीव आहे त्याला," असं ते म्हणतात, आणि ते स्वतः जेवायला बसले की त्याला हात लावणारं कोणी नसतं. तो झोपला की इकडे वहिनीचं फोल्डर लाकडासारखं होतं. उघडत नाही, बंद होत नाही. म्हणून तिने अशी व्यवस्था केली, की आपल्याने तिकडच्याला मधूनमधून हाक मारायची, आणि तीन हाकांना ओ आली नाही तर नाद सोडायचा. हे ऐकून आई दादाकडे बघत म्हणाली, "मला हे कोणी लग्नानंतर लगेच सांगितलं असतं तर!"

"माझ्याकडे काय बघतेस? बाबांचा फोटो तिकडे आहे," दादा म्हणाला.

तर अशी ही वहिनी. टोप्यांवर कंपनीची नावं, टॉवेलांवर आद्याक्षरं, शाळेच्या खिशांवर बोधचिन्हं, हे सगळं तिने वर्षानुवर्षं इमानाने काढलं. स्वतःच्या मनातलं असं काही नाही. त्यातून मालकांचं एक जोडपं लाडकं होतं: दोन हंस, समोरासमोर, माना खाली घातलेले. मालकांच्या मते ते प्रेमात होते. वहिनीच्या मते त्यांच्यात अबोला होता. उशी असो, चादर असो, गिऱ्हाइकाने काही सुचवलं नाही की मालक हंस सोडायचे.

मग नव्या नाट्यगृहाच्या दर्शनी पडद्याचं काम आलं. खाली रुंद भरलेला काठ हवा होता. वहिनी मालकांना म्हणाली, "मी काढते. हंस नकोत." मालक म्हणाले, "काढा ताई. पण कापड मशीनला लागेपर्यंत तुमचं आलं नाही, तर हंस आहेतच." ते 'आहेतच' वहिनीला झोंबलं.

त्याच आठवड्यात कारखाना रंगवायला काढला आणि तिकडचा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात बसला. जोडायचा प्रश्नच नव्हता. वहिनी आपल्यावरच काम करत राहिली. मी तेव्हा नोकरी शोधत होतो, म्हणजे घरी होतो, त्यामुळे मी ते डोळ्यांनी पाहिलं. काठाच्या एका टोकाला जमिनीवर बसलेले पक्षी, मग पंख उघडणारे, मग उडालेले, आणि दुसऱ्या टोकाशी नुसते चार टाके, म्हणजे लांब गेलेला थवा. एक पक्षी मागे वळून बघत होता.

"हा का वळलाय?" मी विचारलं.

"गॅस बंद केला का, बघतोय," वहिनी म्हणाली. एक हात पक्ष्यांत आणि दुसरा सेव्हच्या बटणांवर. ती बटणं ती न बघता दाबते, आई बोलताना जपमाळ ओढते तशी.

सोमवारी रंग वाळला. दुपारी मालकांचा फोन आला, "ताई, कापड ताणून बसवलंय. मी जेवायला बसतोय. पाठवा तेवढ्यात. माझा हात धुऊन झाला की मशीन सुरू."

वहिनीने ओळ टाइप केली. फोल्डर जोडलं गेलं. टोप्या होत्या, टॉवेल होते, शाळांचे खिसे होते, हंस तर अगदी वरच होते. पक्षी नव्हते.

"असं कसं?" वहिनी म्हणाली. तिने शोध लावला. कॉम्प्युटरने कानाकोपरा धुंडाळून थंडपणे सांगितलं, अशी फाइल नाही.

दादाची त्या दिवशी सुटी होती. "बंद करून चालू कर," त्याने सुचवलं. फ्रिजपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळ्यावर त्याचा हाच सल्ला असतो.

"तुम्ही जरा गप्प बसता का?" वहिनी म्हणाली. आईने कपावर बशी ठेवली. कपात काही नव्हतं.

तेवढ्यात फोल्डरचं लाकूड झालं. तिकडचा झोपला होता. वहिनीने दात ओठ खाऊन जोडणी सोडली. नेहमी सोडल्यावर ते फोल्डर रिकामं दिसतं. मागे उभा राहून मी सहज बघितलं आणि ओरडलोच, "वहिनी, हे काय! आहेत की पक्षी!"

खरंच होते. त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या फोल्डरात एकटीच फाइल. वहिनीने उघडून बघितली. गॅसवाला पक्षीसुद्धा जागेवर.

आईने हात जोडले. वहिनीने मालकांना फोन लावला. "मालक, तो झोपलाय. माउस हलवा जरा."

"अहो, माझा हात खरकटा आहे!"

"मग कोपराने हलवा!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि तिकडचा जागा झाला. वहिनीने जोडलं. टोप्या, टॉवेल, खिसे, हंस. पक्षी गुल.

तिने सोडलं. पक्षी हजर. जोडलं. गुल. सोडलं. हजर.

"बाई गं, नजर लागलीय," आई म्हणाली. "आता जोडूच नकोस. आहेत तिथे सुखात राहू देत."

"अहो आई, पण मग पाठवू कसे?"

"फोटो काढून पाठव," दादा मोबाइल घेऊन पुढे सरसावला. "हजर असताना पटकन काढतो."

"फोटोवरून मशीन भरेल का?"

"तुझ्या मालकांच्या कोपराने माउस हलतो, तर काहीही होऊ शकतं."

फोन चालूच होता. त्यातून मालकांचा आवाज आला, "ताई, मी शेवटच्या घासाला आलोय."

"सावकाश चावा!" आम्ही चौघेही एकदम म्हणालो.

मग वहिनी काहीच करेना. तिने हात मांडीवर ठेवले आणि स्क्रीनकडे नुसती बघत राहिली. तिकडे पाणी पिण्याचा आवाज येत होता. आणि एकाएकी तिने कपाळावर हात मारला, असा की आई दचकली.

"आई, नजर नाही. मीच," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात जोडलेलं कुठे होतं? मी आपल्याच रिकाम्या फोल्डरात ठेवत बसले. आणि आज त्याच्या डोक्यावर तिकडचं फोल्डर आणून बसवलं. वरचं दिसतं, खालचं झाकलं जातं. शोधणाऱ्यालाही खालचं दिसत नाही. मी स्वतःच्या पक्ष्यांवर टोप्या आणि टॉवेल घेऊन बसलेय!"

"म्हणजे गेले नाहीत?" आईने विचारलं.

"अहो, जायचेत कुठे? गुदमरलेत."

तिने शेवटचं सोडलं, पक्षी उचलून बाहेर, दुसऱ्याच ठिकाणी ठेवले. मग जोडलं, आणि बाहेरून पक्षी तिकडच्याच्या फोल्डरात टाकले. सगळं मिळून आई एकदा 'देवा' म्हणेपर्यंत झालं.

"मालक, बघा."

फोनमधून नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, हात पुसल्याचासुद्धा आला असावा, कारण आम्ही सगळे श्वास रोखून होतो.

"आलंय," मालक म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ताई, हा एक मागे का बघतोय?"

"त्याला हंसांची काळजी वाटते," वहिनी म्हणाली. मागून मशीन सुरू झाल्याचा खडखडाट ऐकू आला, तेव्हा कुठे तिने खुर्चीला पाठ टेकली. त्यानंतर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. आनंद झाला की तिला तसंच होतं.

नाट्यगृह उघडलं त्या दिवशी आम्हाला तिसऱ्या रांगेत जागा होत्या. पडदा खाली होता. दिव्यांत तो काठ असा काही उजळला होता की शेजारच्या बाईंनी आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसून दाखवला. आईने त्या बाईंना लगेच सांगितलं, "आमच्या सुनेचे आहेत." वहिनी मान खाली घालून बसली होती, अगदी हंसासारखी, पण तिला ते सांगायची हिंमत दादालाही झाली नाही.

मग घंटा वाजली आणि पडदा वर जायला लागला. बसलेले आणि उडालेले पक्षी सगळे एकदमच हलले, आणि बघता बघता वर, अंधारात, दिसेनासे झाले.

"गेले गं पुन्हा!" आई भर नाट्यगृहात ओरडली. "सोड म्हणावं, सोड!"

अर्धं नाट्यगृह वळून बघायला लागलं. वहिनीने तिचा हात घट्ट धरला. "आहेत हो आई, वरच आहेत. येतील खाली."

आईने पुढचं नाटक मान वर करूनच पाहिलं. नाटक कसं होतं, असं तिला कोणी विचारलं तर ती सांगते, चांगलं होतं, पण मध्यंतर फार उशिरा झालं.