उरलेल्या स्पिरिटमध्ये पाणी

फाइनाचा नवरा ऐन जानेवारीत गेला. व्होल्गाकाठी जानेवारीत मरू नये. जमीन दगड झालेली असते, आणि थडगं खणणारे रूबलला हात लावत नाहीत, त्यांना प्यायला स्पिरिट लागतं. दोन बाटल्या, त्याही आधी.

स्पिरिट फाइनाच्या हाताशीच होतं. कारखान्यात ती रॉकेट इंजिनांचे ज्वलनकक्ष तपासायची. त्या कक्षातली आग अशी, की धातूसुद्धा पाघळेल. म्हणून भिंत दुहेरी करतात आणि मधे शेकडो बारीक नळ्या ठेवतात. रॉकेल जळायच्या आधी त्या नळ्यांतून धावतं, भिंतीची धग ओढून घेतं. एक नळी तुंबली, की तिथे भोक पडलंच म्हणून समजा. फाइना नळ्यांतून पाणी सोडून धारा बघायची, मग स्पिरिटने धुऊन पाण्याचा थेंब न् थेंब काढायची आणि स्वतःच्या नंबराचा शिक्का मारायची. स्पिरिट घरी नेत नव्हतं कोण? सगळेच नेत. या बाईने बावीस वर्षांत घोटभर नेलं नव्हतं, आणि नेलं ते नवऱ्याला पुरायला.

डब्यात उरलं त्यात तिने पाणी घातलं. धुऊन झाल्यावर गरम हवा दुप्पट वेळ मारली, मनाची समजूत घातली आणि शिक्का मारून टाकला.

तो कक्ष चाचणीच्या जागी दोन दिवस उघड्यावर, उणे तीसमध्ये पडून होता. नळ्यांत बर्फ धरला. इंजिन पेटवल्यावर अकराव्या सेकंदाला भिंत फाटली. चाचणीवरचा सावेली भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

वितळलेल्या तुकड्यात चौकशीवाल्यांना पाणी कुठलं दिसणार? नळ्या जोडताना वितळवून लावलेला डाख नळीत उतरला आणि ती तुंबली, असं त्यांनी ठरवलं. डाख दिला होता येफिमने. फाइनाच्या नवऱ्याच्या शवपेटीला त्याच पोराने खांदा दिला होता. आता त्याला तुरुंगात जावं लागणार होतं.

फाइना साहेबांकडे गेली, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, “येफिमने कबुली दिलीय. अहवाल मॉस्कोला गेला. तुम्ही दुःखात आहात, रजा घ्या.”

तशीच ती येफिमच्या खोलीवर गेली. तो बटाटे सोलत होता.

“येफिम, कबुली मागे घे. तुझं काही चुकलं नाही. स्पिरिटमध्ये मी पाणी घातलं होतं.”

“बसा मावशी, चहा टाकतो.”

“चहा राहू दे. ऐकतोयस ना?”

“ऐकलं की. तुम्ही आणि स्पिरिट? अख्खा कारखाना चोरेल, तुम्ही नाही. त्या दिवशी माझाच हात कापत होता. सावेली झोपू देत नाही मला. सही केली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.”

“नवऱ्याची शपथ घेऊन सांगते, मीच केलं.”

येफिमने सुरी खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले.

“मेलेल्या माणसाची खोटी शपथ घेऊ नका, मावशी,” तो म्हणाला. “माझ्यापायी एवढं पाप नको.”